दारात गाडी असावी, हप्ता नसावा

आमच्या वस्तीत एके काळी ज्याच्या घरी सायकल, तो सुस्थितीतला समजला जाई. पुढे लूना आली, मग स्कूटर आली, मोटारसायकल आली. चारचाकी मात्र साहेबाची, डॉक्टरची नाही तर ठेकेदाराची, असे आम्ही लहानपणापासून धरून चाललो होतो. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यमवर्गाच्या दारात गाडी दिसू लागली. जानेवारी २०१४ मध्ये त्या गाडीचे उत्पादन थांबलेसुद्धा. पण त्या तीस वर्षांत आमच्या गल्लीत ती एकाच्याही दारी आली नाही. आता चित्र पालटले आहे. कारखान्यातला कामगार, महापालिकेतला सफाई कामगार, रिक्षावाल्याचा शिकलेला मुलगा यांच्या दारात गाडी उभी राहू लागली आहे. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु गाडी दारात येते तेव्हा तिच्याबरोबर आणखी कोण घरात येते, याचा विचार गाडी घेण्याआधी व्हायला हवा. तो आमच्या घरी कसा झाला, ते वाचक बंधू-भगिनींपुढे मांडावे म्हणून हा लेख.

आम्ही उभयता नाशिकरोडला राहतो. एक जण कारखान्यात कायम कामगार, दुसरी घरी शिवणकाम करणारी. दोघांचे मिळून महिन्याला सत्तेचाळीस हजार घरात येतात. थोरला मुलगा इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर आहे, त्याला अठरा हजार मिळतात. धाकटी मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. शिवाय घरात शहात्तर वर्षांची आई. तिचे गुडघे गेलेले, त्यातून मधुमेह. तिला महिन्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागते. घराचे हप्ते आम्ही पंधरा वर्षे भरले, ते २०२१ साली फिटले. हप्ता ही काय चीज आहे, हे आम्हांला कोणी शिकवायची गरज नव्हती.

२०२४ च्या फेब्रुवारीत थोरल्याने विषय काढला. "पप्पा, आजीला रिक्षात चढवताना किती त्रास होतो. आता गाडी घेऊ. दीड लाख भरले की बाकीचं बँक देते." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आईला रिक्षात बसवायचे म्हणजे दोघांनी दोन्हीकडून धरावे लागे. विम्याची एक पॉलिसी पुरी होऊन मिळालेले दीड लाख मुदत ठेवीत होते. दवाखान्याच्या अडीअडचणीसाठी साठ हजार वेगळे ठेवले होते, त्यांना हात लावायचा नाही हे आधीच ठरलेले होते.

झेपेल किती आणि लागेल किती

आम्ही चौघे शोरूमला गेलो. तिथल्या मुलाने पाणी दिले, चहा दिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काका, महिन्याला किती झेपेल?" गाडीची किंमत किती परवडेल, हा प्रश्न त्याने विचारलाच नाही. यातच सगळे आले. महिन्याला आठ हजार झेपतील म्हटले की तो मुदत लांबवून आठ हजारांत बसेल अशी गाडी दाखवतो. मुदत जितकी लांबेल तितकी मोठी गाडी त्याच आठ हजारांत बसते आणि माणसाला वाटते, आपल्याला स्वस्तात पडली.

त्याने लिहून दिलेला कागद आम्ही घरी आणला. गाडीची शोरूमची किंमत ५ लाख ६० हजार. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के एकरकमी कर, तो ६१,६०० रुपये. शिवाय विमा, नोंदणी, फास्टॅग. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. हा नियम १ सप्टेंबर २०१८ पासून आहे. असे करत गाडी रस्त्यावर येईपर्यंत साडेसहा लाख. जाहिरातीत दिसते ती किंमत आणि आपल्या खिशातून जाते ती किंमत यांत नव्वद हजारांचा फरक. म्हणून कोटेशन मागताना नेहमी 'रस्त्यावर येईपर्यंत किती' तेच विचारावे आणि लेखी घ्यावे.

दीड लाख रोख आणि पाच लाखांचे कर्ज, व्याज साडेनऊ टक्के. रविवारी जेवणे झाल्यावर वही घेऊन सगळे बसलो. मुलीने मोबाईलवर हिशेब केला, आम्ही वहीत उतरवून घेतला. तीन वर्षांची मुदत घेतली तर हप्ता १६,०१७ रुपये आणि एकूण व्याज साडेशहात्तर हजार. पाच वर्षांची घेतली तर हप्ता १०,५०१ रुपये आणि व्याज एक लाख तीस हजार. सात वर्षांची घेतली तर हप्ता उतरून ८,१७२ रुपये होतो, पण व्याज चढून एक लाख शहाऐंशी हजारांवर जाते. शोरूमच्या मुलाने आम्हांला सांगितला तो हा आठ हजारांचा आकडा. त्याच्यामागे उभा असलेला एक लाख शहाऐंशी हजारांचा आकडा त्याने सांगितला नव्हता.

मुलीने आणखी एक गोष्ट काढली. सात वर्षांच्या कर्जात पहिली तीन वर्षे हप्ते भरले, म्हणजे २ लाख ९४ हजार रुपये बँकेत गेले, तर मुद्दल किती फिटते? पावणेदोन लाखांच्या आसपास. बाकीचे सगळे व्याजात. सव्वातीन लाख रुपये अजून डोक्यावर उभेच. आणि इकडे गाडीचे काय होते? विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो रूढ तक्ता वापरत आल्या आहेत, त्यात गाडी एक वर्षाची झाली की १५ टक्के, दोन वर्षांची झाली की २०, तीनची झाली की ३०, चारची झाली की ४० आणि पाच वर्षांची झाली की ५० टक्के घट धरतात. पाच वर्षांत किंमत निम्मी. घराचे हप्ते भरत होतो तेव्हा घराची किंमत वाढत होती, म्हणून पोटाला चिमटा काढल्याचे काही वाटले नाही. गाडीचे उलटे आहे. आपण हप्ता भरत असतो आणि वस्तू झिजत असते.

गल्लीतले एक उदाहरण

हे केवळ कागदावरचे बोलणे नाही. आमच्याच गल्लीतल्या एका तरुणाने २०२२ साली नवी गाडी घेतली. रोख जवळजवळ काहीच भरले नव्हते. घरी पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. वर्षभराने त्याच्या कंपनीने कंत्राट संपवले. चार हप्ते थकले. फायनान्स कंपनीची माणसे आली आणि गाडी घेऊन गेली. पुढे लिलावात ती विकली गेली, आलेल्या पैशांतून कर्ज पुरे फिटले नाही, बाकी रक्कम निघाली. जामीन होते त्याचे सासरे. गावी जमिनीचा तुकडा विकून त्यांनी ती भरली. आज त्या घरात सासरा-जावई एकमेकांशी बोलत नाहीत. गाडी गेली याचे त्या पोराला इतके दुःख नाही. बायको माहेरचे नाव काढायचे टाळते, याचे आहे.

तो मुलगा आळशी नव्हता, व्यसनी नव्हता. कंत्राटाची नोकरी अकरा महिन्यांची आणि कर्ज सात वर्षांचे, एवढीच त्या हिशेबातली गोम होती. म्हणून आमच्या वहीत आम्ही थोरल्याचे अठरा हजार धरलेच नाहीत. त्याला वाईट वाटले. "माझा पगार काय पगार नाही का?" असे तो म्हणाला. त्याला समजावले, "तुझा पगार पगारच आहे, पण तो पुढच्या वर्षी असेल असं तुझ्या साहेबानं लिहून दिलं आहे का?" तो गप्प बसला. त्याचा गप्पपणा आम्हांलाही लागला. पण तरण्या पोराच्या मानेवर सात वर्षांचे जू ठेवायचे आणि त्याच्या आनंदासाठी ठेवले म्हणायचे, हे आमच्याच्याने होईना.

नानांचा सवाल

त्या दिवशी आमचे चुलते, नाना, आले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि चिडून म्हणाले, "काय वाण्यासारखे पैसे मोजत बसलात? १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेबांना एक टांगेवाला न्यायला तयार झाला नाही. शेवटी आपल्याच एका माणसानं टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. टांगा उलथला नि बाबासाहेबांना दुखापत झाली. आज आपल्या पोराला स्वतःच्या गाडीत बसायचं भाग्य मिळतंय, तर तुम्ही त्याला आडवे जाता?"

नानांच्या बोलण्यात जे होते ते आम्हांला कळत नव्हते असे नाही. गावी लग्नाला जाताना टेम्पोत मागे उभे राहून गेलेली माणसे आम्ही. गाडीतून उतरणाऱ्या माणसाशी लोक कसे बोलतात आणि एसटीतून उतरणाऱ्याशी कसे बोलतात, हे आम्ही पाहिलेले आहे. गाडी म्हणजे नुसते वाहन नव्हे, हे आम्हांलाही मान्य आहे. नानांना आम्ही एवढेच म्हणालो, "नाना, गाडी घ्यायचीच आहे. पण कर्ज फिटेपर्यंत गाडीच्या आरसीवर बँकेचंही नाव असतं. आपल्या गाडीवर आपलंच नाव असू द्या की." नाना लगेच पटले असे नाही. पण चहा घेऊन गेले.

कॅलेंडरवरच्या खुणा

मग प्रश्न उरला, गाडी खरोखर किती लागते? आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिने खुणा केल्या. ज्या दिवशी रिक्षा किंवा भाड्याची गाडी करावी लागली त्या तारखेला गोल आणि बाजूला खर्च. आईचा दवाखाना महिन्यातून दोनदा, जाऊन-येऊन सातशेप्रमाणे चौदाशे. सिन्नर तालुक्यातल्या गावी महिन्यातून एकदा, गाडीचे भाडे बावीसशे. लग्न, साखरपुडा, मयत, कोणाला स्टेशनवर सोडणे, असे मिळून बाराशे. म्हणजे महिन्याला अठ्ठेचाळीसशे रुपये आम्ही गाडी नसतानाही वाहनावर घालवत होतो.

स्वतःची गाडी असती तर? तेवढ्याच फिरण्याला साडेचारशे किलोमीटर धरले. लिटरला अठरा किलोमीटर, म्हणजे पंचवीस लिटर पेट्रोल. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, म्हणजे पावणेतीन हजारांच्या आत. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पंक्चर, पीयूसी, असे वर्षाचे चोवीस हजार, म्हणजे महिन्याला दोन हजार. एकूण सत्तेचाळीसशे.

वहीतले दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा उत्तर आपोआप मिळाले. भाड्याने अठ्ठेचाळीसशे, स्वतःच्या गाडीला सत्तेचाळीसशे. म्हणजे गाडीवर हप्ता नसेल तर ती आम्हांला भाड्याइतक्याच खर्चात चालवता येते, वर रात्री-अपरात्री आईला नेण्याची सोय. आणि हप्ता असेल तर त्याच गाडीचे महिन्याला तेरा हजारांच्या घरात जातात. ते आठ हजार कुठून येणार होते? मुलीच्या फीमधून. दुसरी जागाच नव्हती. नर्सिंगचे शेवटचे वर्ष अडले असते तर गाडीच्या काचेतून आम्हांला तेच दिसत राहिले असते.

गाडीवर किती खर्च करावा याचा आमच्यापुरता नियम त्या रात्री ठरला. एक, घरात वर्षाला जे खात्रीचे पैसे येतात, त्यांच्या निम्म्याच्या आसपास गाडीची किंमत असावी. आमचे वर्षाचे ५ लाख ६४ हजार, म्हणजे गाडी पावणेतीन-तीन लाखांची. दोन, गाडीचा महिन्याचा खर्च मिळकतीच्या दहाव्या हिश्शाच्या पुढे जाऊ नये. तीन, दवाखान्याचे आणि शिक्षणाचे पैसे गाडीत जाऊ नयेत. तीन लाखांत नवी गाडी येत नाही, म्हणजे जुनीच घ्यायची हेही ओघाने आले.

आपला हप्ता आपल्यालाच

दीड लाख हाताशी होते, बाकीचे जमवायचे होते. आम्ही बँकेत एक वेगळे बचत खाते काढले. सात तारखेला पगार झाला की दहा हजार त्या खात्यात. त्यात सहा हजार आमचे आणि चार हजार थोरल्याचे. जसे साठतील तशी मुदत ठेव. रिकरिंग मुद्दाम केले नाही, कारण ज्या महिन्यात ओढाताण असेल त्या महिन्यात सवलत हवी होती. थोरल्याला सांगितले, "समज, गाडी घेतली आहे आणि हप्ता चालू झाला आहे. फरक एवढाच की हा हप्ता आपण आपल्यालाच देतो."

ही परीक्षा प्रत्येकाने करून पाहण्यासारखी आहे. कर्ज काढण्याआधी सहा महिने तेवढा हप्ता बाजूला टाकून पाहावा. जमले तर पैसे साठले, नाही जमले तर कर्ज काढले नाही हे नशीब समजावे. आम्हांलाही २१ महिन्यांत दोन महिने टाकता आले नाहीत. दोन्ही वेळी जून होता, मुलीची फी होती. पण आमच्या खात्याने आम्हांला दंड लावला नाही, फोन केला नाही, कोणाला दारात पाठवले नाही. हप्त्याचा जून असा माफ होत नाही.

मार्च २०२४ ते नोव्हेंबर २०२५ या काळात एक लाख नव्वद हजार साठले. आधीचे दीड लाख आणि दोन्हींवरचे व्याज पंचवीस हजार. ३ लाख ६५ हजार झाले. जे व्याज आम्ही बँकेला भरले असते, त्याऐवजी बँकेने आम्हांला व्याज दिले.

वाट पाहण्याचा आणखी एक फायदा ध्यानीमनी नसताना झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी उतरला. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के आणि वर सेस होता, तो १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनी विकणाऱ्यालाही भाव धरून ठेवता येत नाही. म्हणून जुनी गाडी बघायला जाताना त्याच गाडीची आजची नवी किंमत माहीत करून जावे. सौदा करताना उपयोगी पडते.

जुनी गाडी पाहताना

आम्ही २०१७ सालची लहान पेट्रोल गाडी घेतली. पहिला मालक, बासष्ट हजार किलोमीटर चाललेली, किंमत २ लाख ९० हजार. पण त्याआधी सात गाड्या पाहून सोडल्या. काय पाहिले ते सांगतो.

आपल्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याला पाचशे रुपये द्यावेत. फुकट आलेला मिस्त्री घाईत असतो. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. दरवाजाच्या रबराखालचा रंग पाहावा, अपघात झालेली गाडी तिथे ओळखू येते. सर्व्हिसिंगची पावती मागावी, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात, ते मीटरशी जुळतात का पाहावे. आरसीवर कोणा बँकेचा बोजा आहे का, दंडाची चलने थकली आहेत का, विमा कधी संपतो, हे परिवहन खात्याच्या ऑनलाइन सेवेवर गाडीचा नंबर टाकून समजते. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते. तेव्हा नोंदणीची किती वर्षे उरली आहेत तेही मोजावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर प्लेट बसवली आहे का, पाहावे.

पैसे दिल्यावर नाव बदलून घेण्यात दिरंगाई करू नये. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असे कायदा सांगतो. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. आणि जुनी मोटारसायकल विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की, नाव बदलले नाही आणि गाडीला अपघात झाला तर ज्याचे नाव नोंदणीत आहे त्याच्यावर भरपाई येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तसा निर्णय दिला आहे.

नाव बदलणे, विमा, चार टायर, बॅटरी आणि सर्व्हिसिंग मिळून छत्तीस हजार गेले. जुनी गाडी घेताना सगळे पैसे किमतीत घालू नयेत, दहावा हिस्सा दुरुस्तीला ठेवावा. शेवटी एकोणचाळीस हजार उरले, ते मुलीच्या खात्यात गेले. गाडीला लिंबू-मिरची बांधायला एका पाहुण्याने सुचवले. त्यांना टायर दाखवले, नवे कोरे.

दोन शब्द सावधगिरीचे

जुनी गाडी कर्जाने घ्यायची झाली तर एक फसगत टाळावी. काही ठिकाणी 'नऊ टक्के फ्लॅट' असे सांगतात. तीन लाखांवर नऊ टक्के फ्लॅटने पाच वर्षांचे व्याज एक लाख पस्तीस हजार होते आणि हप्ता ७,२५० रुपये. मुद्दल महिन्यागणिक फिटत असते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या तीन लाखांवर लागते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हेच व्याज पावणेसोळा टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणून 'फ्लॅट की रिड्युसिंग' एवढे दोन शब्द विचारल्याशिवाय सही करू नये.

ज्यांचे हप्ते आधीच चालू आहेत, त्यांनी हा लेख वाचून मन खट्टू करून घेऊ नये. बोनस आला, भिशी लागली की मुद्दलात भरावी. त्याआधी मुदतीपूर्वी भरण्याचा आकार किती, ते करारात पाहावे. हप्ता थकणार असे दिसले तर तोंड न लपवता आधीच बँकेत जाऊन लेखी अर्ज द्यावा. वसुलीच्या माणसाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, शिवीगाळ वा धमकी देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. कर्ज आहे म्हणून आपली इज्जत गहाण नाही. कर्ज फिटल्यावर बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा काढून घ्यावा. पुष्कळ लोक हे विसरतात आणि गाडी विकताना अडतात.

आणि ज्याच्या पोटाचे साधनच गाडी आहे, म्हणजे टॅक्सी, टेम्पो, भाजीची गाडी, त्याचा हिशेब वेगळा. ती गाडी हप्ता स्वतः कमावून आणते. त्याने कर्ज काढावे, मात्र महिन्याची कमाई मंदीच्या महिन्यावरून धरावी, तेजीच्या महिन्यावरून नव्हे.

काही जण म्हणतील, कर्ज काढल्याशिवाय गरिबाला काही मिळतच नाही. घराच्या बाबतीत, शिक्षणाच्या बाबतीत ते खरे आहे, आणि तिथे कर्ज काढायला आम्ही कचरलो नाही, पुढेही कचरणार नाही. आपली कर्ज काढण्याची ताकद मोजकी आहे. ती मुलीच्या शिक्षणासाठी, राहत्या छपरासाठी, घरातल्या आजारपणासाठी राखून ठेवली पाहिजे. ती लोखंडात आणि रंगात खर्च झाली की खऱ्या गरजेच्या दिवशी बँक दार उघडत नाही आणि मग सावकाराचे दार ठोठवावे लागते.

आईचा दवाखाना आता वीस मिनिटांवर आला आहे. तिला मागच्या सीटवर उशी लावून बसवतो. गाडी जुनी आहे हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मी काय नवी हाय व्हय?" नानाही परवा गावी आमच्याच गाडीतून आले. पुढच्या सीटवर बसले होते. वाटेत त्यांनी विचारले, "हप्ता किती पडतो रे?" थोरल्याने गाडी चालवता चालवता उत्तर दिले, "काही नाही, नाना." नाना काही बोलले नाहीत. काच खाली करून वारा घेत बसले.

ज्या घरात सध्या गाडीचा विषय चालू आहे, त्या घरातल्या मंडळींना आमची एवढीच विनंती आहे. शोरूमला जाण्याआधी एक रविवार वही घेऊन सगळ्यांनी बसावे, मुलांनाही बसवावे. भाड्याचा खर्च, चालवण्याचा खर्च आणि हप्ता हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहावेत. मग जो निर्णय होईल तो घराचा होईल. कोणाच्या तरी जाहिरातीचा होणार नाही.